पस्तिशीच्या आत ठरव

*प्रिय ताई,*

*मी ३३ वर्षांची आहे, येत्या सप्टेंबरात ३४ पूर्ण होतील. बारावी कॉमर्स, मग बी.कॉम. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत दहा वर्षं काउंटरवर आहे. पगार एकोणीस हजार. पिग्मीचा हिशोब, ठेवीचं टार्गेट, मार्च एंडला थकबाकीदारांना फोन. ज्यांच्याकडे लहानपणी खेळायला जायचे त्यांनाच "हप्ता कधी भरताय" विचारायचं. मॅनेजर सगळ्यांसमोर बोलतात. रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो.*

*गेल्या वर्षी सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. मिरजेला एकोणीस दिवस ॲडमिट होते, रात्री मीच थांबायचे. तिथल्या नाईटच्या सिस्टरनी मला नळीतून फीड कसं द्यायचं, कूस कशी बदलायची, सगळं शिकवलं. केस पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला वेळा लिहून दिल्या, तो कागद मी अजून जपून ठेवलाय. घरी आणल्यावर सासऱ्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. तेव्हापासून वाटतं की मी चुकीच्या ठिकाणी आहे. मला नर्सिंगची डिग्री करायची आहे. मैत्रीण म्हणते, शिकायला वय नसतं. एका ठिकाणी सहा महिन्यांचा नर्सिंग कोर्स आहे, नोकरी करत करता येतो म्हणतात. मुलगी सात वर्षांची. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत, शिफ्ट असते. तो म्हणतो, "तू ठरव." सासूबाई म्हणतात, "घरच्या म्हाताऱ्याचं कोण करायचं? आणि ही निघाली जगाची घाण काढायला."*

*काय करू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.*

बरं झालं शेवटची ओळ लिहिलीस. आधी वॉर्डात अधिपरिचारिका आणि मग नर्सिंग स्कूलमध्ये पाठ्यनिर्देशिका म्हणून आयुष्य काढल्यावर अहो-जाहो मला फार वेळ जमतही नाही.

मैत्रिणीला सांग, शिकायला वय नसतं हे भरतकामाला ठीक आहे. नर्सिंगला वय असतं आणि ते कागदावर छापलेलं असतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या, म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या, नियमात जीएनएम हा डिप्लोमा आणि बी.एस्सी. नर्सिंग ही डिग्री, दोन्हींच्या प्रवेशाची कमाल मर्यादा ३५ वर्षं आहे. पुढच्या प्रवेशाच्या वेळी तू ३४ ची असशील. म्हणजे तुझ्या हातात एक प्रवेश नक्की आहे. दुसरा मिळेल न मिळेल या भरवशावर राहू नकोस.

दुसरी गोष्ट, डिग्रीची. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतात, तिन्ही मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, आणि इंग्रजी. तुझी बारावी कॉमर्सची. मुक्त विद्यालयातून सायन्स विषय घेऊन पुन्हा बारावी देता येते आणि ती नियमात चालते, असं तुला कुणीतरी सांगेल. खरं आहे ते. पण ते विषय काढण्यात वर्ष जाणार, त्यावर सीईटीची, म्हणजे प्रवेश परीक्षेची तयारी, आणि तू दारात उभी राहशील तेव्हा पस्तिशी ओलांडलेली असेल. तू पंचविशीची असतीस तर मीच तुला हा रस्ता दाखवला असता.

तुझ्यासाठी रस्ता जीएनएमचा. जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, तीन वर्षं. बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजीसह ४० टक्के लागतात. पास झालीस की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि तू कायद्याने नर्स असतेस, बी.एस्सी.वाल्या मुलीइतकीच. डिग्रीची हौस राहिली तर पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची पदवी मिळते. ते नंतरचं नंतर. माझ्या पिढीतल्या निम्म्या परिसेविका, म्हणजे वॉर्डच्या मुख्य सिस्टर, जीएनएमच्याच होत्या आणि त्यांच्यापुढे भले भले रेसिडेंट डॉक्टर हळू आवाजात बोलायचे.

सहा महिन्यांच्या कोर्सचं एका वाक्यात सांगते. तिथे फी भरलीस तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस. रागावले, कारण दर वर्षी अशा पोरी बघितल्यात. पांढरा कोट घालून छोट्या हॉस्पिटलात सलाईन लावतात, पेशंट त्यांना सिस्टर म्हणतात, आणि नोंदणी नाही म्हणून दहा वर्षांनीही पगार मदतनिसाचाच. काही उलटसुलट झालं की पहिलं बोट त्यांच्याकडे. खरं नर्सिंग नोकरी सांभाळून होत नाही. सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग, प्रॅक्टिकलचे तास भरल्याशिवाय सुटका नाही. जिथे "हजेरीचं बघून घेऊ" असं सांगतात तिथून चप्पल घालून सरळ बाहेर ये. कॉलेज बघायला जाशील तेव्हा इमारत बघू नकोस, तीन गोष्टी विचार: भारतीय परिचर्या परिषदेची या वर्षीची मान्यता, राज्य परिषदेची मान्यता, आणि मुली प्रॅक्टिकलला कोणत्या हॉस्पिटलात जातात. तिसऱ्याचं उत्तर "आमचंच हॉस्पिटल आहे" असं आलं तर सकाळी अकराच्या सुमाराला त्या हॉस्पिटलात जाऊन खाटा मोज. भरलेल्या किती, रिकाम्या किती. रिकाम्या खाटांवर नर्स तयार होत नाही. मिरजेच्या आसपास राहतेस, तुला भरलेल्या हॉस्पिटलांची वाण नाही. १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी तिथे हॉस्पिटल काढलं तेव्हापासून त्या गावाने पेशंट पाहिलेत.

आता तुझ्या पत्राबद्दल. मी ते तीनदा वाचलं. मूळ पत्र इथे छापलंय त्याच्या दुप्पट होतं. त्यात दोन पानं पतसंस्थेची, मॅनेजरची, वसुलीची. नर्सिंगचं जेमतेम अर्धं पान, आणि त्यातही सगळे एकोणीस दिवस सासऱ्यांचे. मला शंका अशी येते की तुला नर्स व्हायचंय यापेक्षा तुला पतसंस्थेतून सुटायचंय. सुटायचं असेल तर सुट, त्यात पाप नाही. पण त्याला तीन वर्षं आणि लाखभर रुपये घालवायची गरज नाही. तुझ्या हिशोबाच्या अनुभवावर मिरज-सांगलीतल्या कुठल्याही बऱ्या हॉस्पिटलात बिलिंगला किंवा मेडिक्लेमच्या टेबलावर काम मिळू शकतं. त्याचाही विचार कर.

नर्सच व्हायचंय का, हे कळायला एक जुना उपाय आहे. आपल्या माणसाचं करणं वेगळं. सासरे तुझ्याकडे बघून डोळ्यांनी बोलत असतील, बरं वाटलं की हात धरत असतील. वॉर्डात तसं नसतं. तिथे दारू पिऊन पडलेला असतो, तो तुझ्या अंगावर ओकतो आणि वर आईवरून शिवी देतो, आणि त्याचीच तू दर दोन तासांनी कूस बदलायची असते. म्हणून जवळच्या एखाद्या वृद्धाश्रमात जा, जिथे अंथरुणाला खिळलेली माणसं ठेवतात अशा. आठ रविवार जा. फोटो काढू नकोस, फळं वाटू नकोस. तिथल्या मावशींना म्हण, मला कामाला लावा. अंग पुसणं, चादर बदलणं, भरवणं. नवव्या रविवारी सकाळी तुला जावंसं वाटलं तर माझं काम झालं. पोटातला गोळा तिथेही आला तर तोही एक निकालच, आणि फुकटात मिळालेला.

समज, नववा रविवार आला आणि तू गेलीस.

मग पहिलं वर्ष कसं असतं ते ऐक. माझ्या एका बॅचला एकतीस वर्षांची एक विद्यार्थिनी होती, दोन लेकरांची आई. बाकीच्या अठरा-एकोणीसच्या. पहिल्याच आठवड्यात तिचं नाव "काकू" पडलं. नर्सिंगमध्ये सगळ्यात आधी शिकवतात ते बेड मेकिंग. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशात दुमडायचा, गादीखाली खोचायचा, एक सुरकुती राहता कामा नये, कारण त्या सुरकुतीचीच पुढे पाठीवर जखम होते. पोरींना ते दोन दिवसांत जमलं. काकूला जमेना! दहा वर्षं घरात अंथरुणं घातलेली, हात आपोआप चादर झटकायचा. वॉर्डात चादर झटकायची नसते, जंतू उडतात. मी तिला एकदा नव्हे, पंधरा वेळा थांबवलं असेल. सोळाव्या वेळी ती रडली. म्हणाली, "मॅडम, घरी मला कुणी चादर शिकवायला आलं असतं तर मी हाकलून दिलं असतं." मी म्हटलं, इथे हाकलायची सोय नाही, पुन्हा घाल.

तुझंही तसंच होणार आहे. सासऱ्यांचं करून तुला बरंच येतं असं तुला वाटतंय, आणि पहिले सहा महिने तेच आड येईल. शिवाय तुझ्याहून दहा वर्षांनी लहान स्टाफ सिस्टर तुला ट्रॉली नीट लावली नाही म्हणून पेशंटसमोर बोलेल. मॅनेजरचं बोलणं खुपतं म्हणतेस ना? हे त्याहून रोजचं आहे. फरक एवढाच की सिस्टर बोलते तेव्हा बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं.

काकूचं पुढे काय झालं तेही सांगते, नाहीतर तू घाबरशील. दुसऱ्या वर्षी ती मेडिकल वॉर्डात होती. साखर वाढलेला एक म्हातारा होता, चार दिवस इन्सुलिन घेऊनही त्याची साखर खाली येत नव्हती. डॉक्टर डोस वाढवत होते. काकूने राउंडनंतर त्याच्या बायकोशेजारी बसून चहाच्या गप्पा मारल्या आणि पाच मिनिटांत काढून घेतलं की म्हातारी रोज रात्री उशीखालून त्याला गुळाची पोळी देत होती. अठरा वर्षांच्या पोरीला ती म्हातारी ते कधीच सांगती ना. शरीररचनाशास्त्रात काकू कशीबशी पास झाली, पण केस हिस्टरी काढावी तर तिनेच. वयाचा उपयोग तिथे होतो.

अभ्यास जड आहे, पण कॉमर्सवाल्यांना न झेपण्यासारखा नाही. पहिल्या वर्षी शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, आहार, परिचर्येची मूलतत्त्वं. पुढे मेडिकल-सर्जिकल, बालरोग, मनोविकार, शेवटी प्रसूती. पुस्तकं इंग्रजीत. तुझं इंग्रजी ठेवीच्या अर्जापुरतं असेल तर आत्तापासून रोज एक पान मोठ्याने वाच. अर्थ नाही लागला तरी वाच, शब्द जिभेवर बसले पाहिजेत.

पैशाचं मात्र नीट ऐक, कारण याबद्दल तुला गोड बोलणारे पुष्कळ भेटतील. तीन वर्षं तुझे एकोणीस हजार बंद. पास झाल्यावर छोट्या खासगी हॉस्पिटलात पहिली वर्ष-दोन वर्षं तेवढेच मिळाले तरी नशीब समज. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की ५० हून कमी खाटांच्या हॉस्पिटलातही नर्सला महिना किमान २०,००० द्यावेत, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी पगाराइतके. वाचायला फार छान आहे. तुझ्या गावच्या कुठल्याही सिस्टरला तिच्या हातात किती येतात ते विचार.

सरकारी नोकरीचं स्वप्न असेल तर आकडे मांडून बघ, हिशोबात तू माझ्याहून पक्की. राज्य सरकारी भरतीला खुल्या गटाची मर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. तू बाहेर पडशील तेव्हा ३७ ची असशील. खुल्या गटातली असलीस तर एखादी जाहिरात हाती लागली तर लागली. एम्सच्या परीक्षेला खुल्या गटाची मर्यादाच ३० आहे, ते दार बंद समज. तू तुझा प्रवर्ग लिहिलेला नाहीस. इतर मागासवर्गात असलीस तर चित्र पुष्कळ बदलतं, राज्याच्या भरतीला सहा वर्षं मिळतात. फीचंही तसंच. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, इतर मागास, मराठा आरक्षणाच्या आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकारने माफ केली आहे. तुझ्या कोर्सला आणि त्या कॉलेजच्या त्या जागेला ती लागू होते का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर ती आशा सोड.

जर्मनीतल्या नर्सच्या नोकरीचं तू विचारलेलं नाहीस, पण विचारशील. सध्या प्रत्येक नर्सिंग कॉलेजच्या गेटाबाहेर जर्मन भाषेच्या क्लासची पाटी आहे. आधी सात वर्षांच्या मुलीचं काय करायचं ते ठरव, मग पाटी वाच.

आता घर. सासूबाईंवर मला राग येत नाही. अर्धांगाचा नवरा, हातातून सगळं निसटतंय, आणि जिच्यावर भार टाकला ती सून सकाळी साताला बाहेर पडणार. त्या घाबरल्या आहेत, बोलतात मात्र घाणीचं. "घाण" या शब्दाचं उत्तर देत बसू नकोस. ते उत्तर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी देऊन झालंय. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघालं, रमाबाई रानड्यांनी घरंदाज बायकांना, विधवांना परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं. तेव्हाच्या सासवा काय काय बोलल्या असतील! तू फक्त भीतीचं उत्तर दे. सासऱ्यांना सकाळी आठ ते दुपारी चार कोण बघणार, त्या बाईचे महिन्याचे पैसे किती, कुठून येणार, हे कागदावर लिहून सासूबाईंसमोर ठेव. आणि एक सांगू? तुला सिस्टरने शिकवलं तसं तू सासूबाईंना शिकव. नळी निघाली असेल तर भरवणं, नसेल तर फीड, कूस बदलणं. एकदा त्यांच्या हातून नीट झालं की त्यांचा अर्धा धीर परत येईल.

नवऱ्याशी मात्र वेगळं बोल. "तू ठरव" हा होकार नव्हे. उद्या काही बिनसलं की "तूच ठरवलं होतंस" म्हणायची ती सोय आहे. वाईट माणूस असेल असं म्हणत नाही, पुरुषांना ती सवयच असते, माझ्याही घरात होती. त्याच्या शिफ्टचं वेळापत्रक आणि नर्सिंग स्कूलचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेव. मुलीचा डबा कोण करणार, तिला ताप आला त्या दिवशी तुझी प्रॅक्टिकलची हजेरी असेल तर रजा कोण टाकणार. जिथे त्याचं नाव येतं तिथे त्याला स्वतःच्या हाताने लिहायला लाव. लिहिताना पेन थबकलं तर त्यावर बोला, भांडलात तरी चालेल. हे भांडण आत्ता स्वस्तात होतं. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत महाग पडतं.

आणि रात्रपाळी. नोकरी लागल्यावर महिन्यातून आठवडाभर तरी रात्री आठ ते सकाळी आठ घराबाहेर राहायचं आहे, अनेक वर्षं. त्याला हे आत्ताच कळू दे.

लग्न झालेलं असणं प्रवेशाच्या आड येत नाही, तेवढी एक काळजी मनातून काढ. काही ठिकाणी हॉस्टेलची सक्ती असते, ते मात्र फॉर्म भरण्याआधी विचार. प्रवेशाचे नियम आणि तारखा दर वर्षी थोड्या इकडे-तिकडे होतात, म्हणून दिवाळीपासूनच राज्य सीईटी कक्षाची वेबसाईट आठवड्यातून एकदा बघत जा. मैत्रिणीच्या व्हॉट्सॲपवर आलेल्या तारखेवर विसंबू नकोस.

नोकरी आत्ता सोडू नकोस. वृद्धाश्रमाचे रविवार चालू असताना पगार चालू राहू दे, आणि त्यातले दर महिन्याला पाच हजार वेगळ्या खात्यात टाक. मॅनेजरला काही सांगू नकोस.

एक काम मात्र या आठवड्यात कर. तू पत्रावर सही नवऱ्याच्या आडनावाने केली आहेस, म्हणजे दहावी-बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव असणार. प्रवेशाच्या वेळी किती जणी याच कारणाने टेबलावरून मागे फिरताना मी पाहिल्यात. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर काढ, नावबदलाचं राजपत्र करून घे. आधार, मार्कशीट आणि जातीचा दाखला असेल तर तो, सगळीकडे नाव एकच वाचलं गेलं पाहिजे, वेलांटी-उकारासकट. राजपत्राला वेळ लागतो. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत अर्ज टाक.